मधून जा, पाचच मिनिटं!

गिरगाव, दादर, परळ नाहीतर लालबागमध्ये जन्मलेल्या माणसाला हमरस्त्याने चालणं कमीपणाचं वाटतं. हमरस्ता असतो बेस्टच्या बसगाड्यांसाठी, टॅक्सीवाल्यांसाठी आणि बोरिवलीहून आलेल्या पाहुण्यांसाठी. अस्सल रहिवासी मधून जातो. तुम्ही सरळ फुटपाथवरून चालत आलात हे कळलं की त्याचा जीव हळहळतो. "अहो, एवढा वळसा कशाला घातलात? मधून यायचं ना! पाचच मिनिटं!"

ही पाच मिनिटं फार लवचीक असतात. चर्नी रोड ते ठाकूरद्वार पाच मिनिटं, भारतमाता ते करी रोड स्टेशन पाच मिनिटं आणि दादर स्टेशन ते शिवाजी पार्क हेसुद्धा पाचच मिनिटं. सांगणाऱ्याचं वय, तुमचे गुडघे, हातातल्या पिशव्या आणि वाटेत भेटणारी माणसं यांतलं काहीही या हिशेबात धरायचं नसतं.

प्रत्येक चाळीत या विषयातला एक जाणकार असतो. सगळे त्याला काका म्हणतात. तो बहुधा निवृत्त असतो, त्याच्या हातात कापडी पिशवी असते आणि त्याला कुठेही वेळेवर पोहोचायचं नसतं. ज्याला सगळ्यात कमी घाई, त्याला सगळ्यात जास्त शॉर्टकट ठाऊक, हा या भागाचा नियमच आहे. खरी घाई असलेली माणसं टॅक्सीत बसून सिग्नलला थांबलेली असतात आणि काका त्यांच्या खिडकीसमोरून एका बोळात शिरताना दिसतात. मोबाइलमधल्या नकाशावर काकांचा काडीचा विश्वास नाही. नकाशा चौदा मिनिटं दाखवतो. "त्याला काय कळतंय? त्याला हाऊसगल्ली तरी माहीत आहे का?" असं म्हणून काका तो निकालात काढतात. नकाशाला दोन चाळींच्या मधली ती हाऊसगल्ली माहीत नाही हे खरं आहे. पण त्या गल्लीत वरून काय पडतं, हेही नकाशाला माहीत नाही.

वाट सांगण्याची काकांची पद्धत वेगळी. मुगभाटात जायचंय म्हणालात की ते सुरू होतात, "केळेवाडीतून साहित्य संघावरून बाहेर पडायचं. गिरगाव रोड ओलांडायचा. समोर बोळ दिसेल, त्यात शिरायचं नाही. पुढचा धरायचा. पहिल्या मजल्यावर निळी बादली टांगलेली असेल, तिच्याखालून आत. पायरीवर कुत्रा झोपलेला असेल, त्याच्या डाव्या अंगाने." जगन्नाथ शंकरशेट मार्ग हे नाव पाटीवर लागून जमाना झाला, काकांचा तो गिरगाव रोडच. नावांचं एक वेळ चालून जाईल, प्रश्न खुणांचा आहे. बादली कधी आत घेतलेली असते, कुत्रा कधी दुसऱ्या पायरीवर असतो. तुम्ही भलत्याच चाळीच्या चौकात निघता आणि लोखंडी खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांसमोर उभे राहता.

पण गिरगावात माणूस हरवत नाही, त्याची चौकशी होते. वरच्या गॅलरीतून एका आजोबांचा प्रश्न येतो, "कोणाकडे?"

"कोणाकडे नाही, पलीकडे जायचंय."

"पलीकडे कोणाकडे?"

तुम्ही नाव सांगता. मग ते कुठले, म्हणजे राजापूरचे की रत्नागिरीचे, त्यांचा धाकटा अजून बँकेतच आहे का आणि तुमचं त्यांच्याकडे काय काम, एवढ्याची उत्तरं दिल्यावर पलीकडचा दरवाजा कुठे आहे ते समजतं. पाच मिनिटांतली चार इथे गेलेली असतात. परत येताना तेच आजोबा "झालं का काम?" म्हणून विचारतात. काम झालं नसेल तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

गिरगावच्या वाटा अशा लोकांच्या दारातून का जातात, याचं कारण जुनं आहे. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावं ऐकून नवख्याला वाटतं, आपण मंडईत फिरतोय. पण एके काळी इथे खरोखरच बागा आणि वाड्या होत्या. मुंबईत माणसं दाटली तशी झाडं गेली, चाळी उभ्या राहिल्या आणि वाडीत शिरायची चिंचोळी वाट तेवढी मागे राहिली. रस्ते नंतर आले. त्यामुळे वाडीत तुम्ही रस्त्यावरून चालत नसता, कोणाच्या तरी अंगणातून जात असता, आणि अंगणाचे नियम पाळावे लागतात. मुलं क्रिकेट खेळत असतील तर षटक संपेपर्यंत थांबायचं. सत्यनारायण असेल तर प्रसाद घ्यायचा. "घाईत आहे" म्हटलंत तर द्रोण दुप्पट भरून मिळतो. गणपतीत तर विचारूच नका. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली याच गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत बसला. तेव्हापासून भाद्रपदातल्या संध्याकाळी इथला प्रत्येक शॉर्टकट मांडवातून जातो. आरतीच्या वेळी सापडलात तर मंत्रपुष्पांजली होईपर्यंत टाळ्या वाजवत उभं राहणं आलं. ऑफिसात उशिराचं कारण म्हणून हे सांगून पाहावं. साहेब गिरगावचे असतील तर ते प्रसाद कुठाय विचारतात.

खोताच्या वाडीतून जाणाऱ्याचा छळ वेगळ्या जातीचा. तिथली ईस्ट इंडियन मंडळींची जुनी लाकडी घरं, बाहेरचे जिने, रंगीत खिडक्या पाहायला कॅमेरेवाले येतात, आणि अलीकडे लग्न ठरलेली जोडपीही. वधू खिडकीकडे पाहत असते, वर वधूकडे पाहत असतो आणि तुम्ही भाजीची जुडी घेऊन दोघांच्या मधून जात असता. फोटोग्राफर "एक मिनिट, काका" म्हणतो. तुम्ही थांबत नाही, कारण तुम्ही शॉर्टकटने आलेले असता. परिणामी कुठल्यातरी अपरिचित कुटुंबाच्या अल्बममध्ये तुमचा खांदा आणि मेथी कायमची राहून जाते.

दादरला मात्र अंगणं नाहीत, तिथे पूल आहेत. दादरकर आयुष्यभर एकच गोष्ट करत असतो: पूर्वेकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून पूर्वेला. डब्यात उभं कुठे राहायचं हेसुद्धा तो उतरल्यावर कोणता जिना समोर येईल यावरून ठरवतो. रेल्वेने डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना एका ओळीत नंबर दिले: एक ते सात पश्चिम रेल्वेचे, आठ ते चौदा मध्य रेल्वेचे. लोकांचा गोंधळ मिटावा म्हणून हे केलं, आणि परगावच्या माणसाचा मिटलाही. दादरकरांनी तो सांभाळून ठेवला आहे. "दहा नंबरवर ये, म्हणजे जुना चार," असं ते फोनवर सांगतात. तशी त्यांची ही सवय नवी नाही. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली. दादरचं ट्राम टर्मिनस मात्र 'दादर टीटी' म्हणून अजून चालू आहे. मूळ वस्तू गेली तरी तिच्यावरून वाट सांगायची आमची सोय जाऊ नये, एवढीच आमची अट असते.

स्टेशनातून नुसतंच पलीकडे जाण्यात एक गंमत आहे. लोकलचं कमीत कमी तिकीट पाच रुपयांचं आणि फलाटाचं तिकीट दहा रुपयांचं. म्हणजे रेल्वेने नेलं तर पाच रुपये, आणि आपण आपल्या पायांनी फलाटावर चाललो तर दहा. पायी चालण्याची एवढी कदर दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. त्यामुळे दादरकराला कोणता पूल सर्वांचा, कोणता तिकीटवाल्यांचा आणि कोणत्या जिन्याखाली किती वाजता टीसी उभा असतो याची माहिती पंचांगासारखी तोंडपाठ असते.

खाली उतरावं तर टिळक पुलाजवळचा फूलबाजार. पहाटे तिथून मधून जायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी झेंडू आणि मागून "बाजू, बाजू!" असा पुकारा. डोक्यावर टोपली असलेल्या माणसाला ब्रेक नसतो हे सांगावं लागत नाही. छबिलदासच्या गल्लीतून गेलात तर काकांना थांबून आठवण काढावी लागते, की सत्तरच्या दशकात इथल्या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं व्हायची. त्यांनी पाहिलेल्या नाटकांची संख्या दरवर्षी वाढत चालली आहे. रानडे रोडने गेलात तर दुकानांपेक्षा दुकानांपुढची दुकानं जास्त आणि चालायला मधला पट्टा तेवढा.

बारकाईने पाहिलं तर काकांच्या वाटा पायांनी आखलेल्याच नसतात, त्या पोटाने आखलेल्या असतात. ठाकूरद्वारचा त्यांचा शॉर्टकट हटकून फणसवाडीच्या कोपऱ्यावर 'विनय'च्या मिसळीपाशी बाहेर पडतो. दादर स्टेशनवरून कुठेही जायचं असो, वाट मामा काण्यांच्या बटाटावड्यावरूनच जाते. लालबागला चिवडा गल्ली चुकवून जाणारी वाट बहुधा अस्तित्वातच नाही. घरी पोहोचायला झालेल्या उशिराचा आणि शर्टावरच्या शेवेचा संबंध काकू अचूक लावतात.

लालबागमध्ये नाकाचीही परीक्षा होते. उन्हाळ्यात मिरच्या आणि गरम मसाला घ्यायला अख्खी मुंबई इथे येते, मसाला कुटायचे डंख चालू असतात आणि मधून जाणारा प्रत्येक जण शिंकत जातो. स्थानिक माणूस ओळखायची खूण म्हणजे तो शिंकत नाही. पण लालबागकराची खरी कसोटी गणपतीत लागते. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा, म्हणजे हाकेच्या अंतरावर इतकी जुनी मंडळं. त्या दिवसांत एक नवसाची रांग, एक मुखदर्शनाची रांग, आणि तिसरी न दिसणारी रांग स्वतःच्या घरी जाऊ पाहणाऱ्या रहिवाशांची. पोलीस विचारतात, "कुठे?" लालबागकर म्हणतो, "घरी." त्यावर आधार कार्ड दाखवावं लागतं. जन्मल्यापासून ज्या गल्लीत राहिलो तिथे शिरायला पुरावा द्यायचा म्हणजे काय, असं पुटपुटत तो वळतो आणि शेजारच्या चाळीच्या मागच्या जिन्याने, हाऊसगल्लीतून, दोन न्हाण्यांच्या मधून घरात शिरतो.

ही वाट त्याला माहीत आहे, हे बदलापूरच्या चुलत मेहुण्याला बरोबर ठाऊक असतं. वर्षभर ज्याचा फोन नाही त्याचा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येतो. "भाऊजी, कसे आहात? तब्येत? बरं, मागून काही जमेल का?" देवाकडे जायला शॉर्टकट नाही असं संतांनी परोपरीने सांगितलं. मेहुण्याला ते मान्य आहे, पण त्याला परतीची शेवटची बदलापूर पकडायची असते.

गिरणगावात पूर्वी मधून जायची सोयच नव्हती. गिरण्यांच्या भिंती लांबच लांब. भोंगा ऐकू यायचा पण पलीकडे जायला अख्ख्या भिंतीला वळसा घालावा लागायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मॉल आणि काचेची ऑफिसं आली. आता लोअर परळला उतरून मॉलच्या एका दारातून शिरून थंडगार हवेतून दुसऱ्या दाराने बाहेर पडता येतं. आजोबा गेटवर पास दाखवून आत जायचे, नातू गळ्यातलं ओळखपत्र दाखवून जातो. जागा तीच. पगाराच्या दिवशी आजोबा त्या गेटातून पैसे घेऊन बाहेर पडायचे आणि नातू तिथेच खर्च करून बाहेर पडतो, एवढाच काय तो फरक.

परळ आणि पूर्वीचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, ही दोन स्टेशनं एकमेकांना खेटून आहेत. त्यांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला म्हणून माणसं अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल खुला झाला. चालणाऱ्यालाही रुंदी लागते हे सरकारी कागदावर यायला एवढी किंमत द्यावी लागली.

पुलांच्या बाबतीत या भागाने पुष्कळ सोसलं आहे. लोअर परळचा डिलाइल पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला २०२३ उजाडलं. त्या वर्षी बालवर्गात गेलेलं मूल तोवर चौथीत पोहोचलं होतं. त्याच्या दृष्टीने पूल म्हणजे पत्रे लावलेली जागा. सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल बंद झाला. आता गाडीवाल्याने टिळक पुलाचा नाहीतर करी रोडचा वळसा घ्यायचा. चालणारा मात्र रेल्वेच्या पुलावरून पलीकडे जातो. मंगळवारी परळहून सिद्धिविनायकाला निघालेल्या बिऱ्हाडात टॅक्सीने गेलेली अर्धी मंडळी पोहोचतात तेव्हा चालत गेलेली अर्धी दर्शन घेऊन चहा पीत असतात. काकांच्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस.

सरकारनेही चालणाऱ्यांचा विचार केला नाही असं नाही. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग ते जागोजाग उगवले. नाना चौकातही एक गरगर फिरणारा आहे. कल्पना अशी की माणसाने आधी जिना चढावा, मग चालावं, मग जिना उतरावा आणि जिथून निघाला त्याच्या समोरच्या फुटपाथवर यावं. खालून दहा पावलं असतात. लोक खालून जातात आणि वर सावलीला विद्यार्थी अभ्यास करतात. २०२५ च्या ऑक्टोबरपासून गिरगाव, काळबादेवीखालून भुयारी मेट्रोही पूर्ण धावू लागली. काकांनी ती लगेच पाहून घेतली. गाडीत ते बसले नाहीत. एका दाराने खाली जाऊन दुसऱ्या दाराने रस्त्यापलीकडे निघता येतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. येतं. शिवाय गारही वाटतं.

या चेष्टेत एक गोष्ट मात्र मी मनापासून मानतो. परळ स्टेशनबाहेर रोज माणसं उतरतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे आणि फाइल. केईएम १९२६ पासून तिथे आहे, टाटा १९४१ पासून, वाडियाही जवळच. "टाटाला कसं जायचं?" असं विचारणाऱ्याला परळचा माणूस कधीही "मधून जा" म्हणत नाही. पुलावरून उतरून सरळ रस्ता सांगतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर तो बसला नाही असं दिसलं तर "चला, मी तिकडेच चाललोय" म्हणून गेटपर्यंत सोडतो. बहुतेक वेळा तो तिकडे चाललेला नसतो.

या सगळ्या वाटा अशाच कुणाच्या तरी भलेपणावर उभ्या आहेत. त्यांतल्या कितीतरींवर पालिकेची पाटी नाही, सरकारदफ्तरी नोंद नाही. चाळीने मागचं दार उघडं ठेवलं म्हणून वाट झाली. कोणी अडवलं नाही म्हणून ती राहिली. आणि नेमकं तेच आता संपतंय. चाळीचा पुनर्विकास होतो, टॉवर उभा राहतो, भोवती भिंत येते, गेटवर केबिन येते. ज्या चौकातून शाळेची पोरं दप्तर उडवत पलीकडे जायची तिथे वॉचमन विचारतो, "किस के पास?" प्रश्न गॅलरीतल्या आजोबांचाच, पण आजोबा उत्तर ऐकून वाट दाखवायचे, हा वहीत नाव लिहून घेतो, वर फोन लावतो आणि शेवटी मेन रोडने जायला सांगतो. एका टॉवरची एक वाट बंद झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही. ओळीने दहा चाळींचे टॉवर झाले की शाळा तिथेच राहते आणि दूर जाते, बाजार तिथेच राहतो आणि दूर जातो. मग लोक टॅक्सी करतात आणि ट्रॅफिक फार वाढलंय म्हणून तक्रार करतात.

पुनर्विकासाच्या मीटिंगा मी पाहिल्या आहेत. नियम ३३(७) की ३३(९), कार्पेट एरिया किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग मिळणार का, देवघर कोणत्या दिशेला, सगळ्यावर रात्री बारापर्यंत खडाजंगी होते. बिल्डरचा माणूस नकाशा भिंतीवर लावतो आणि सगळे आपापली खोली शोधतात. मागचं दार कोणी शोधत नाही. तेव्हा तुमच्या चाळीची मीटिंग असेल तर जा, चहा-सामोसा घ्या, कार्पेट एरियासाठी भांडा, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण उठण्याआधी हात वर करून एवढं विचारा, की मागचं गेट कुठे उघडतं आणि ते दिवसभर उघडं राहणार की नाही. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आणि ते लिहून होईपर्यंत सही करू नका.